उलट्या तोंडाची खुर्ची

समोर कुठलीही वस्तू आली की महालिंगअप्पा तिला आधी गुडघा लावायचे. पलंग असो, बाकडं असो, दुकानाचं शटर असो, की माझं चष्म्यांचं काचेचं कपाट असो. उजवा गुडघा टेकवायचा, अंगाचा सगळा भार टाकायचा, दोन्ही हातांनी वस्तू धरून गदागदा हलवायची आणि विचारायचं, "हलतंय का?" हे ते मला विचारत, वस्तूला विचारत, की स्वतःलाच, हे मला कधी कळलं नाही. माझं कपाट त्यांनी असं पहिल्यांदा हलवलं तेव्हा वरच्या फळीवरच्या फ्रेमा धडाधड खाली आल्या. "हलतंय," एवढं म्हणाले आणि आपल्या दुकानात निघून गेले. मी बसलो काचा वेचत.

पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या कमानीला असाच गुडघा लावला. वऱ्हाड चहा पीत होतं. कमान कलली, वरची 'सुस्वागतम्'ची पट्टी एका बाजूनं सुटून लोंबायला लागली आणि मांडववाला हातातला कप टाकून धावला. अप्पांनी सगळे खांब उपटून पुन्हा रोवून घेतले, तोवर मुहूर्त टळायची वेळ आली. नवरदेवाचे मामा रुसून बसले, आणि त्यांची समजूत काढायला कोण, तर मी. शेजारी दुकान असण्याची ही शिक्षा. अप्पांना मी नंतर जरा बोललोच, तर म्हणाले, "खांबाभोवती लेकरं खेळतेत, चष्मेवाले. मामाचं काय, मामा उद्या हसंल."

माजलगावात मोंढ्याच्या रस्त्याला आमची दुकानं लागून होती. आमच्यात एक भिंत सामाईक आणि वैताग सामाईक. उसाच्या गाड्यांची धूळ, दुपारची गेलेली लाईट, आणि नुसतं बघायला आलोय म्हणून तासभर बसणारी गिऱ्हाइकं. अप्पांच्या वडिलांचं दुकान दोरखंडाचं होतं. कासरे, दावी, विहिरीचे सोल, मोटेचे जाड नाडे. पुढं धरणाचं पाणी आलं, मोटा गेल्या, उसाचा पैसा खेळायला लागला, आणि बघता बघता गाड्या कर्जावर मिळायला लागल्या. काल सायकल हाणणारा माणूस आज चारचाकीचं दार उघडून उतरायला लागला. अप्पांनी जमाना ओळखला आणि दोराच्या जागी गाडीचं सामान लावलं. सीटकव्हर, पायपुसणी, हॉर्न, गाडी मागं घेताना गाणं म्हणणारं यंत्र, समोर चिकटवायची महादेवाची पिंड. जुने दोर मात्र मागच्या खोलीत तसेच पडून होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पांढरा सदरा, आणि तोंडावर कायम न झोपलेल्या माणसाचा थकवा. ते थकलेले होते खरेच. एकच गोष्ट माणसांना रोज नव्यानं सांगावी लागली तर कुणीही थकेल.

ती गोष्ट म्हणजे ती खुर्ची.

माल भरायला मुंबईला गेलेले असताना एका व्यापाऱ्याकडं त्यांना ती दिसली. लहान लेकराला गाडीत बसवायची सीट. निळ्या कापडाची, खोलगट, दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांच्या मधून पट्टे येऊन पोटापाशी एका कडीत अडकायचे. व्यापाऱ्याकडं ती विकली जात नव्हती, अप्पांनी दुकानाची शोभा म्हणून उचलली. इथं आणून हुकाला टांगली. मग काय विचारता. न्हाव्याची का, म्हणून कुणी विचारलं. कुणी म्हणालं, माकडाला बांधायची दिसते. महिनोन्‌महिने ती नुसती लटकत होती. कुणी घेईना तेव्हा अप्पांनी ती उसनी द्यायला सुरुवात केली. गावाला चाललात, लेकरू बरोबर आहे, न्या. अट दोनच. बसवणार मी, आणि वाटेत रडलं म्हणून मांडीवर घ्यायचं नाही.

पहिल्यांदा ती त्यांनी चुकीची बसवली. पाटोद्याला लग्नाला निघालेल्या एका कापडवाल्याच्या गाडीत त्यांनी ती लेकराचं तोंड पुढं करून बांधली. कुणीही तशीच बांधली असती, तोंड रस्त्याकडंच असणार ना माणसाचं. खुर्ची परत आली, अप्पा ती पुसायला बसले, तेव्हा बाजूच्या प्लास्टिकवर उठवलेलं चित्र त्यांना दिसलं. त्यात लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं होतं.  मग सगळा विचार करून एक दिवस भर बाजारात त्यांनी हमालाच्या हातगाड्यावर नारळ ठेवला, हमालाला पळायला लावलं आणि मधेच थांब म्हणाले. नारळ उडून गटारीत गेला. दुसरा नारळ त्यांनी पुढच्या फळीला टेकवून ठेवला, पुन्हा तेच केलं. नारळ जागचा हलला नाही. "डोकं जड, मान कवळी," ते म्हणाले. "फळीला पाठ असली की झटका सगळ्या पाठीवर जातो, मानंवर येत न्हाई." लगेच कापडवाल्याच्या घरी जाऊन मी तुमच्या नातवाला चुकीचं बसवून पाठवलं होतं, माझं चुकलं, असं सांगून आले. ते लोक हसले. लेकरू धडधाकट परत आलं होतं, त्यांना त्यात माफीसारखं काही दिसेना.

आणि सीटकव्हरांचं तर आणखीच. नव्या गाड्यांना मागच्या सीटवर पट्टे यायला लागले होते, आणि गिऱ्हाईक पहिलं वाक्य बोलायचं ते हे, की अप्पा, तेवढे पट्टे कव्हरच्या आत घालून टाका, पाठीला टोचतात. अप्पांनी कैक गाड्यांचे पट्टे असे स्वतःच्या हातानं गाडून टाकले होते. खुर्ची बांधायला तोच पट्टा लागतो हे कळल्यावर ते रस्त्यात गाड्या अडवायला लागले. दार उघडायचे, खिशातला चाकू काढायचे आणि चांगल्या कव्हरला चीर पाडून पट्टा बाहेर ओढायचे. लोक चिडायचे. अहो अप्पा, गेल्याच दिवाळीला घातलंय. अप्पा म्हणायचे, दुसरं घालून देतो, पण हे उघडं राहू द्या. असा धंदा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या अक्कांनी, म्हणजे बायकोनं, ते माझ्या दुकानात येऊन मला ऐकवलंही.

खुर्ची बसवायला निघाले की मला हाक यायची, कारण एकानं दाबायचं आणि एकानं ओढायचं असायचं. खुर्ची मागच्या सीटवर उलट्या तोंडानं ठेवायची. गाडीचा पट्टा तिच्या खालच्या खाचांतून पिळा न पडू देता ओवायचा. मग अप्पा खुर्चीत गुडघा रोवून सगळा भार टाकणार, मी पट्टा ओढणार. एकदा का कडी लागली, की खुर्चीच्या बुडाला धरून हलवायची. हलली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. उन्हात तापलेल्या गाडीत आम्ही दोघं घामाघूम, आणि बाहेर गाडीचा मालक घड्याळ बघत उभा. मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. दोन बोटं हललं तर काय होतं, असं मी एकदा म्हणालो. अप्पांनी पट्टा सोडवून परत माझ्या हातात दिला.

मग यायच्या आज्या. लेकराला कुंची, स्वेटर, वर जाड दुपटं, असं गाठोडं करून आणायच्या आणि त्या गाठोड्यावरून पट्टे लावा म्हणायच्या. अप्पा दुपटं काढायला लावायचे. पट्टा अंगालगत पाहिजे, खांद्यापाशी एक बोट जाईल इतकाच सैल, पांघरूण घालायचं ते वरून घाला. यावरून रोज भांडण. आणि सगळ्यात मोठं भांडण तोंडावरून. बाळंतीण माहेराहून सासरी निघाली आणि तिच्या लेकराचं तोंड मागं? म्हणजे ते आजोळाकडं बघत बघत जाणार, सासरी रमायचंच नाही, रडून रडून आईचा जीव खाणार. अप्पांच्या शेजारच्या आळीतल्या गंगाबाई या विषयावर तासभर बोलू शकायच्या. अप्पा ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "बघू द्या की जरा आजोळाकडं," आणि वाकून कडी लावायचे.

एका दुपारी लाईट गेलेली, रस्त्यावर कुत्रंही नाही, अशा वेळी मी त्यांना विचारलं की अप्पा, एवढा जीव कावून टाकता यात. कुणी पोरं मोजायला ठेवलंय का तुम्हाला गावातली. ते पायरीवर बसले.

"शारदी दोन वर्षांची होती," ते म्हणाले. "परळीहून येत होतो. जीपमधी पुढं बसलो, पोरगी मांडीवर. म्हैस आडवी आली अन् डायवरनं ब्रेक हाणला. हे हात बगा. नाड्याची अख्खी गुंडाळी एकट्यानं उचलायचो या हातानं. सुटली की हो."

शारदा त्यांची एकुलती एक. तिच्या डाव्या भुवईवरची टाक्यांची पांढरी रेघ मी कैकदा पाहिली होती, चष्म्याचा नंबर तपासतानाही पाहिली होती, पण कधी विचारलं नव्हतं. अप्पा म्हणाले की मायेचा यात काही संबंध नाही, माया कितीही असो, हात सुटतात. त्यानंतर मी पट्टा मुकाट ओढायला लागलो.

कन्याशाळेत शिकवणाऱ्या साळवे मॅडम खुर्ची नेहमी नेत. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते, आणि यजमानांचे आईवडील चकलांब्याला. महिन्यातून एकदा तरी ते मुलीला घेऊन गावाकडं जायचे. मुलीचं नाव मैत्री. या बाई वाद घालत नसत, सांगितलं तसं करत आणि खुर्ची परत देताना धुऊन देत. अप्पांचा त्यांच्यावर फार जीव. एकदा ते असेच गावाहून येत होते, मैत्री खुर्चीत. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता, दिवेलागणीची वेळ, आणि परतीच्या वाटेवर उसानं भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागं दिवा नाही, दगड नाही, काही नाही. गाडी तिच्यात घुसली. साहेबांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, मॅडमच्या कपाळाला टाके पडले. मैत्रीला खरचटलंही नव्हतं. ती रडत होती ती हातातली बाटली पडली म्हणून.

बातमी गावात पसरली. आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्याकडं पाळणा शक्यतो नवा घेत नाहीत. ज्या घरात लेकरं जगली, वाढली, त्या घरचा मागून आणतात. गुणाचा पाळणा म्हणतात त्याला. असा एकेक पाळणा घराघरांतून फिरत राहतो, त्याचा मूळ मालक कोण हेही कुणाला आठवत नाही. तर आता ही खुर्ची गुणाची ठरली. ज्या बायका तिला नावं ठेवत होत्या त्याच रांगेनं दुकानात आल्या. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी पट्ट्याला काळा दोरा बांधला, एकीनं बारशाला मागितली, नुसतं घटकाभर बसवते म्हणाली. गंगाबाईंनी तर नारळ फोडला आणि पाणी माझ्या पायरीवर सांडलं. साळवे मॅडमना या हळदकुंकवाशी काही घेणंदेणं नव्हतं, पण त्यासुद्धा म्हणाल्या की अप्पा, ही पडून राहू नये, कुणाच्या तरी लेकराला उपयोगी पडावी. मलाही तसंच वाटत होतं. चांगली धडधाकट वस्तू होती.

नेमकी त्याच वेळी शारदा बाळंतपणाला माहेरी होती. तिला अंबाजोगाईला दिलेली. पहिलं मूल पोटातच गेलं होतं, त्यानंतर किती तरी वर्षांनी हा मुलगा झाला. ती त्याला खाली ठेवायला घाबरायची, हातात घ्यायलाही घाबरायची. सासरी पोचवायचा दिवस ठरला तसं तिनं जाहीर केलं की बाळ त्याच खुर्चीतून जाणार. ज्या खुर्चीनं साळवे मॅडमची पोरगी राखली ती माझंही राखील. अक्कांनी खुर्चीत घालायला मऊ दुपटं शिवायला घेतलं. अप्पांना खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. जन्मभर सांगत आले ते आता पोरगी आपण होऊन मागत होती.

अप्पा मात्र ती खुर्ची रोज खाली काढायचे, उलटीपालटी करायचे, कानाजवळ धरून वाजवायचे. गुडघा लावायचे. हलायची नाही. चीर नाही, पट्टा उसवलेला नाही, कडी टकाटक लागते. तरी त्यांचा चेहरा काही खुलेना. एक दिवस मागच्या खोलीतून एक जुना नाडा घेऊन आले आणि माझ्या टेबलावर टाकला. मधोमध कापलेला, पण बाकी नव्यासारखा.

म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या काळात एका विहिरीवर बैल घसरला, सगळा भार या नाड्यावर आला. नाडा तुटला नाही. बैल वाचला. शेतकऱ्यानं नाडा परत दुकानात आणला, म्हणाला हा गुणाचा, याला जपून ठेवा. वडिलांनी तिथल्या तिथं कापला. झटका खाल्लेला दोर वरून कळत नाही, आतून ताणलेला असतो, पुढच्या खेपेला दगा देतो. नुसता बाजूला ठेवला तर कुणीतरी वापरणारच, म्हणून कापला.

"हिनंबी झटका खाल्लाय," अप्पा म्हणाले. "दिसत न्हाई म्हनून खाल्ला न्हाई, असं थोडंच हाय."

त्यांनी एसटीडी बूथवरून मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तशी दुसरी सध्या नव्हती, येईल तेव्हा कळवतो म्हणाला. अप्पांनी व्याह्यांना फोन लावून दिवस पुढं ढकलायची विनंती केली. तिकडून सांगितलं की मुहूर्त काढलेला आहे, पाहुणे बोलावलेले आहेत. घरी सांगून पाहिलं. अक्का म्हणाल्या, बिघडलेली का असंना, मांडीपेक्षा तर बरी आहे ना. हा प्रश्न मीही विचारला होता. अप्पा म्हणाले, "मांडीवर घेतलं तर भीती तरी राहील. गाडी हळू चालंल. हिच्यात बसवलं की कुनी भिनार न्हाई. अन् आज शारदी, उद्या सगळं गाव. मी कुनाकुनाला आडवनार?"

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दुकानासमोर लागली. जावई गाडी पुसत होते. अप्पांनी हुकावरून खुर्ची काढली, पायरीवर बसले आणि दोर कापायचा वडिलांचा सुरा घेऊन पट्टे कापायला लागले. आधी खांद्यांचे, मग कमरेचे. जाड पट्टे होते, पटकन कापले जाईनात. हळदकुंकू त्यांच्या सदऱ्याला लागलं. मग खाली ठेवून, पहारीनं तिचं बूड फोडलं. बायका जमल्या होत्या त्या मागं सरकल्या. गंगाबाईंनी कानावर हात ठेवले. शारदा बाळ घेऊन दारात उभी होती, ती पायऱ्या उतरून आली.

"अप्पा, माझं लेकरू कशात न्यायचं आता?"

 थोडे दिवस थांब, अप्पा म्हणाले, मी मुंबईला जातो, दुसरी आणतो. तिनं मान हलवली. दिवस ठरलेला होता, माणसं खोळंबली होती. ती इतक्या हळू बोलली की मला ते ऐकू आलं ते मी अगदी जवळ होतो म्हणून.

"गुनाची वस्तू तुमी तुमच्या हातानं कापली. माझं लेकरू निघताना कापली. आता मी या दारात येनार न्हाई."

अप्पांनी एवढंच केलं की तिला पुढं बसू दिलं नाही, मागं बसवलं. ती बसली, बाळाला मांडीवर घेतलं, दोन्ही हात गच्च आवळले. जी एक गोष्ट होऊ नये म्हणून या माणसानं गावाशी भांडण काढलं, ती त्याच्या स्वतःच्या दारात, त्याच्या स्वतःच्या नातवाच्या बाबतीत झाली. गाडी गेली. अप्पा खाली पडलेले पट्टे गोळा करत होते. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

त्यानंतर ते मुंबईला गेले आणि रिकाम्या हातानं आले. पुन्हा गेले. दुसऱ्या वेळी मिळाली. त्या दिवशी अंबाजोगाईच्या गाडीत बसवून द्यायला मी एसटी स्टँडवर गेलो होतो. खोकं मोठं होतं. कंडक्टर म्हणाला टपावर टाका. अप्पा ऐकेनात. धक्का बसतो म्हणाले. सबंध खोकं मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून ते खिडकीपाशी बसले. खोक्यामागं त्यांचा चेहरा दिसतच नव्हता, नुसतं कपाळावरचं भस्म. मांडीवर काही धरायचं नाही म्हणून जन्मभर कंठशोष केलेला माणूस. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, तेव्हा मी गाडी सुटायच्या आधीच निघालो.

संध्याकाळच्या गाडीनं परत आले. व्याह्यांनी चहा पाजला, खोकं ओसरीवर ठेवून घेतलं. शारदा बाहेर आली नाही. बसवून देतो म्हणाले तर गाडी गावाला गेलीय असं कुणीतरी सांगितलं, आणि गाडी तर अंगणातच उभी होती. अप्पांनी हे मला सांगितलं ते तक्रार म्हणून नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

गावानंही त्यांना सोडलं नाही. पोरीच्या लेकराचा गुण कापला म्हणून बायका दुकानासमोरून जाताना पदर ओढून घ्यायच्या. गिऱ्हाईक कमी झालं. अप्पा पायरीवर बसून राहायचे. आणि मला ज्याची सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती ही, की त्यांनी गुडघा लावायचं सोडलं. नवीन बाकडं आलं, त्यावर तसेच बसले. मी मुद्दाम एकदा माझ्या कपाटाच्या पायाखालची चकती काढली आणि हाक मारली. म्हटलं, अप्पा, कपाट हलतंय बगा जरा. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"हलू द्या," म्हणाले.

पावसाळा असाच गेला. दसऱ्याच्या आसपास अक्कांच्या डोळ्याला मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन ठरलं. आईचा डोळा कापायचा म्हटल्यावर शारदाला यावंच लागलं. मी दुकानात चष्मा घासत होतो, तेवढ्यात जावयांची गाडी समोर येऊन थांबली. शारदा आधी उतरली. अप्पांकडं बघेना, दाराला हात लावून तशीच उभी राहिली. अप्पा पायरीवरून उठले. मला वाटलं पोरीकडं जातील. ते सरळ गाडीकडं गेले, मागचं दार उघडलं आणि आत वाकले.

मीही गेलो. खुर्ची मागच्या सीटवर होती, उलट्या तोंडाची. पट्टा बुडाच्या खाचांतून नीट ओवलेला, कुठं पिळा नाही. बाळ तिच्यात बसलेलं, खाली दुपटं नाही, कुंची नाही, पातळ अंगडं तेवढं. अप्पांनी बाळाच्या खांद्यापाशी एक बोट घातलं. मग बुडाला दोन्ही हात घालून हलवलं. गाडी हलली, खुर्ची हलली नाही. त्यांनी पुन्हा हलवलं.

"गुडघा लावूनच निघाले मी, अप्पा," शारदा म्हणाली.

 मग तिनं सांगितलं. एकदा देवीला जाताना जावयांनी ब्रेक मारला आणि हात सुटला. दोन्ही हातांनी धरलं होतं तरी सुटला. पुढच्या सीटच्या पाठीला आदळून पोर तिच्याच पायावर पडलं म्हणून वाचलं. घरी आली आणि खोकं उघडलं. हे सांगताना तिचा हात आपसूक स्वतःच्या भुवईवर गेला. अप्पांनी कडी सोडवली, नातवाला बाहेर घेतलं आणि त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं. भस्म पोराला लागलं. पोरानं त्यांच्या गळ्यातलं लिंग धरून ओढलं. अप्पा रडत होते, आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.

ऑपरेशन झालं, अक्कांचा डोळा उघडला, शारदा आठवडाभर राहिली. पुढच्याच महिन्यात मी दुकान बीडला हलवलं, माझ्या मुलांच्या शाळेसाठी. अप्पा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर येतात ते शारदाला निरोप देतानाचे अप्पा.

खुर्ची बसवायला त्यांनी मला हाक मारली नाही. शारदानं गुडघा रोवला, अप्पांनी पट्टा ओढला, लेकराला बसवलं आणि त्याच्या कपाळाला पुन्हा कपाळ टेकवलं. गंगाबाई आल्याच होत्या. लेकराचं तोंड आजोळाकडं आलं म्हणून त्यांनी पुन्हा सुरू केलं, पण या वेळी त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. शारदा लेकराशेजारी बसली. गाडी सुरू झाली, मोंढ्याच्या धुळीतून पुढं निघाली. जावई समोर बघत होते. शारदा आधी एकदा वळली, मग डोळे भरले म्हणून पदर लावून तीही समोर बघायला लागली. अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे होते, मागून ट्रॅक्टर हॉर्न देत होता तरी हटत नव्हते. मागच्या काचेतून ते एवढंसं तोंड दिसत होतं, भस्म लागलेलं. गाडी वळेपर्यंत ते अप्पांकडं बघत होतं.